विलायती उस्ताद, जपानी शागीर्द

दोनच माणसं बसतील एवढी जागा, मागे एक बॅग ठेवली की भरली, आणि पाऊस आला की हूड ओढायची घाई. अशी गाडी कुटुंबाच्या काय कामाची? आमच्या भाभींनी हा सवाल केला तेव्हा घरात एकाकडेही धड उत्तर नव्हतं. सवाल उगाच आलेला नव्हता. बर्मिंगहॅमला नोकरी करणारा आमचा पुतण्या चार वर्षं पैसे साठवून जुनी स्पोर्ट्‌स कार घ्यायला निघाला होता. कर्ज काढायचं नाही, ही भाभींची एकच अट. ती त्याने पाळली होती. आता त्याच्यासमोर दोन गाड्या होत्या : १९७२ ची ब्रिटिश एमजीबी आणि १९९० ची जपानी माझदा एमएक्स-५. "चाचा, दोनपैकी कोणती?" असा त्याचा फोन आला, आणि पुढचा आठवडाभर आम्ही हातातली कामं बाजूला ठेवून याच विषयात बुडून गेलो.

पुतण्याचे अब्बा, म्हणजे आमचे थोरले भाऊ, यांनी सांगलीत पस्तीस वर्षं गॅरेज चालवलं. अँबेसिडर म्हणजे त्यांच्या हातचा मळ. त्यांच्याशी बोलायला बसलो तेव्हा कळलं की हा विषय आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. जुन्या अँबेसिडरच्या बोनेटखाली जे १४८९ सीसीचं इंजिन असे, ते ब्रिटनच्या बीएमसी कंपनीचं 'बी-सिरीज' इंजिन. हेच इंजिन १९५५ साली एमजीए नावाच्या देखण्या दोन आसनी गाडीत बसलं, आणि त्याचंच वाढवलेलं १७९८ सीसीचं रूप १९६२ पासून एमजीबीत आलं. तिकडे जे इंजिन हौशी तरुणांना घेऊन समुद्रकाठच्या रस्त्यांवर धावत होतं, त्याचाच सख्खा भाऊ इकडे टॅक्सीत, कलेक्टरच्या गाडीत आणि लग्नाच्या वरातीत जुंपलेला होता. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड ज्यांना आठवत असेल त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार त्याच हेरल्डची चासी आखूड करून उभी केलेली होती. दोन्हींचा आराखडा इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांचा.

हे असं का? कारण ब्रिटिशांची युक्तीच ती होती. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल साध्या घरगुती गाडीचे घ्यायचे, वर हलकं, ठेंगणं शरीर चढवायचं, आणि शाळामास्तर किंवा बँकेतला कारकूनही घेऊ शकेल अशा किमतीला विकायचं. स्पोर्ट्‌स कार म्हटलं की आपल्याला वेग आठवतो. खरं म्हणजे त्या काळच्या एमजीचा वेग आजच्या साध्या हॅचबॅकलाही सहज गाठता येईल. मजा वेगात नव्हती, हलकेपणात होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यासारखं वाटतं, स्टिअरिंग चिमटीभर वळवलं की नाक वळतं, रस्त्यावरचा खडादेखील हाताला कळतो. या कलेतला सर्वांत बारीक हात कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीचा. १९६२ ची लोटस इलान म्हणजे पाठीच्या कण्यासारखी एक पोलादी चासी आणि तिच्यावर फायबरग्लासचं अंग. सगळी मिळून वजन सातशे किलोच्या आसपास. ती ज्यांनी चालवली ते लोक आजही तिच्याविषयी बोलताना आवाज खाली आणतात.

आणि जॅग्वार ई-टाइप? मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती उघड झाली आणि लोक बघतच राहिले. तिचं अंग आखणारे माल्कम सेयर हे विमान कारखान्यातून आलेले गृहस्थ. ताशी २४० किलोमीटरची जाहिरात, आणि तशा वेगाच्या इटालियन गाड्यांपेक्षा कितीतरी कमी किंमत. दिसायला ती आजही सर्वांत सुंदर आहे, असं आमचं मत. पण ती पुतण्याच्या खिशाची गाडी नव्हे, म्हणून तिला इथेच सलाम करून पुढे जातो.

जिथे चूक झाली

युद्धानंतर ब्रिटनला डॉलर हवे होते. पोलाद रेशनवर होतं आणि परदेशी माल विकणाऱ्या कारखान्यांना ते आधी मिळे. त्यामुळे एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली, सगळ्यांची नजर अमेरिकेवर. युद्धात इंग्लंडला राहून गेलेल्या अमेरिकी जवानांना या चिमुकल्या गाड्यांची गोडी लागली होतीच. वीस-पंचवीस वर्षं हा बाजार ब्रिटिशांच्या मुठीत राहिला. एकट्या एमजीबीचे, सर्व प्रकार धरून, पाच लाखांहून अधिक नग बनले, आणि त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला.

बाजार मुठीत असला की माणूस निवांत होतो. थंडीत चोक ओढून पाच मिनिटं आर्जवं केल्याशिवाय गाडी सुरू होत नसे. खाली तेलाचा डाग पडे. लुकास कंपनीच्या दिव्यांवरून तर अमेरिकेत विनोदच निघाले. तिच्या संस्थापकाला तिथले गाडीवाले 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत. (भाऊंचं म्हणणं असं की यातला निम्मा दोष गंजलेल्या अर्थिंगचा असतो आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात. त्यांच्या शब्दाला आम्ही मान देतो.) हे दोष कारखान्यातल्या कामगाराला ठाऊक नव्हते असं नाही. पण नवीन इंजिन आणायला पैसा लागतो, आणि १९६८ साली अनेक कंपन्या एकत्र बांधून जी ब्रिटिश लेलँड उभी केली, तिच्या घरात इतकी भांडणं होती की एमजीसारख्या धाकट्या लेकराकडे बघायला कुणाला सवड नव्हती. संप, मालक-कामगारांचे वाद, एकाच छताखाली एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारी मॉडेलं. १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली.

एमजीबीचं पुढे जे झालं ते वाचून वाईट वाटतं. अमेरिकेच्या सुरक्षिततेच्या नियमांसाठी १९७४ मध्ये तिच्या चकचकीत क्रोमच्या बंपरच्या जागी काळ्या रबराचे जाडजूड बंपर आले. बंपरची उंची नियमात बसावी म्हणून गाडीच उचलून उंच केली. धुराचे नियम पाळताना इंजिनाचा दम गेला. जी गाडी जमिनीला चिकटून वळायची, ती वळणावर झुकू लागली. नियम चुकीचे होते असं आम्ही म्हणणार नाही, माणसाचा जीव महाग आहे. पण तेच नियम जपान्यांनाही होते. ऑक्टोबर १९८० मध्ये ऑक्सफर्डजवळचा अ‍ॅबिंग्डनचा एमजी कारखाना बंद झाला.

शिकायला लाज नाही

आता जपानची बाजू. १९५२ साली निस्सानने इंग्लंडच्या ऑस्टिन कंपनीशी करार केला. ऑस्टिनच्या गाड्यांचे सुटे भाग बोटीने आणायचे, जपानमध्ये जोडायचे, आणि हळूहळू एकेक भाग जपानमध्येच बनवायला शिकायचं. ऑस्टिनचा कारखाना बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज भागात होता, पुतण्याच्या घरापासून बसने जाता येईल इतका जवळ. युद्धात हरलेला देश जिंकलेल्याच्या दारात शागीर्द म्हणून उभा राहिला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

जपान्यांनी सरळ नक्कल केली, असं सर्रास बोललं जातं. इथे थोडं थांबायला हवं. निस्सानची दोन आसनी डॅटसन फेअरलेडी आणि एमजीबी बहिणी-बहिणी वाटतात हे खरं, पण फेअरलेडी टोकियोच्या प्रदर्शनात १९६१ मध्ये दिसली आणि एमजीबी आली १९६२ मध्ये. होंडाने तर उस्तादाचं बोटही धरलं नाही. मोटारसायकलीच्या विद्येवर त्यांनी १९६३-६४ मध्ये एस५०० आणि एस६०० या इवल्याशा गाड्या काढल्या. मागच्या चाकांना मोटारसायकलसारखी साखळी, ६०६ सीसीचं इंजिन, आणि ते मिनिटाला साडेआठ हजार फेऱ्या मारी. एमजीच्या इंजिनाला एवढ्या फेऱ्या मारायला लावल्या तर ते बोनेट फाडून बाहेर येईल, असं भाऊ हसत म्हणाले. टोयोटाने यामाहाच्या साथीने २०००जीटी बनवली, जेम्स बाँडच्या १९६७ च्या चित्रपटात ती झळकली, पण तिचे नग निघाले अवघे ३५१. लिलावात ती दहा लाख डॉलरच्या वरही गेलेली आहे. हा शौक नव्हे, ती तिजोरी.

बाजार उलटवला तो डॅटसन २४०झेडने. निस्सानचा अमेरिकेतला कारभार युताका काटायामा बघत. लोक त्यांना लाडाने 'मिस्टर के' म्हणत. अमेरिकी गिऱ्हाईक काय मागतं, ते त्यांनी दुकानादुकानांत फिरून ऐकलं होतं. १९६९ च्या अखेरीस गाडी आली तेव्हा जपानमधलं तिचं नाव होतं 'फेअरलेडी झेड'. हे नाव अमेरिकेत चालणार नाही असं काटायामांचं ठाम मत. त्यांनी ते काढून '२४०झेड' लावायला लावलं. २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, दारं बंद केली की खरोखर बंद होणारं छप्पर, हीटर, आणि किंमत ३५२६ डॉलर. चावी फिरवली की सुरू. गिऱ्हाइकाला आणखी काय हवं होतं? तिचे कार्ब्युरेटर हिताचीने बनवलेले, पण घडण ब्रिटिश एसयू कार्ब्युरेटरचीच. शागीर्दाने उस्तादाचं हत्यार टाकून दिलं नव्हतं, नीट धार लावून वापरलं होतं. २४०झेड आणि तिच्या पाठच्या २६०झेड, २८०झेड मिळून १९७८ पर्यंत पाच लाखांहून अधिक गाड्या गेल्या.

काटायामा १०५ वर्षांचे होऊन २०१५ मध्ये वारले. जाईल तिथे २४०झेडचे मालक त्यांच्याभोवती गोळा होत.

मात्र जपानी म्हणजे निर्दोष, या समजात कुणी राहू नये. २४०झेडचा पत्रा पातळ होता आणि गंज त्याला वाळवीसारखा खात असे. ज्या देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या कितीतरी झेड इंजिन ठणठणीत असताना केवळ गंजाने मेल्या. एमजीबीही गंजते. फरक असा की एमजीबीसाठी ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळच्या साच्यांवर पूर्ण नवीन बॉडी बनवून देते. म्हणजे सांगाडा सडला तरी गाडीला नवं अंग मिळू शकतं. जुन्या गाडीच्या मालकाला याहून मोठा दिलासा नाही.

उस्तादाचं अधुरं काम

१९८० नंतर उघड्या छपराची, हलकी, परवडणारी गाडी बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. ती परत आणली हिरोशिमाच्या माझदाने. बॉब हॉल या अमेरिकी पत्रकाराने माझदाचे केनिची यामामोतो यांना आग्रह केला होता, की जुन्या ब्रिटिश पद्धतीची साधी दोन आसनी गाडी पुन्हा कुणीतरी बनवायला हवी. पुढे हॉल माझदातच नोकरीला लागले. गंमत अशी की त्या गाडीचा चालता पहिला नमुना तयार झाला इंग्लंडमध्ये, वर्दिंग गावच्या एका कार्यशाळेत. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी एक जुना जपानी शब्द कामाचा मंत्र म्हणून घेतला, 'जिंबा इत्ताई'. स्वार आणि घोडा एक, असा त्याचा अर्थ. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ मियाटा लोकांसमोर आली. १.६ लिटरचं इंजिन, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येणारं हूड. जुन्या ब्रिटिश गाडीसारखा आवाज यावा म्हणून एक्झॉस्टच्या नळीवरही मेहनत घेतली होती. इतकं सगळं तिकडचं, पण पावसात सीट कोरडी आणि सकाळी पहिल्या चावीला सुरू. एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्‌स कारचा विक्रीचा जागतिक विक्रम तिच्याच नावावर आहे.

त्याच १९८९ मध्ये लोटसनेही नवी इलान काढली. तिच्यात इंजिन कोणाचं होतं? जपानच्या इसुझुचं. हे वाचलं आणि भाऊंना फोन लावला, कारण इसुझु म्हटल्यावर ते काय बोलणार हे आम्हाला ठाऊक होतं. १९९० च्या दशकात अँबेसिडरमध्येही इसुझुचं १८०० सीसीचं इंजिन आलं होतं. इंग्लंडची नाजूक इलान आणि आपली धिप्पाड अँबेसिडर, दोघींचं हृदय एकाच वैद्याने बदललं. भाऊंनी एकाच बोनेटखाली दोन्ही देश पाहिलेले. "जुनं इंजिन कारागिराशी बोलतं," ते म्हणाले, "नवं गप्प बसून काम करतं. गिऱ्हाइकाला गप्प बसणारं आवडतं. मलाही आवडायला हवं होतं."

शेवटच्या वाक्यानंतर ते थोडा वेळ बोलले नाहीत. आता गाड्यांना कॉम्प्युटर जोडून बिघाड शोधतात. भाऊंनी चार वर्षांपूर्वी गॅरेज बंद केलं.

मग कोणती?

आमचा सल्ला माझदाचा होता. रोज वापरायची, एकट्याने सांभाळायची आणि सुट्या भागांसाठी धावपळ नको असेल तर पहिल्या पिढीची एमएक्स-५ घ्यावी. घेताना मागच्या चाकांच्या कमानी आणि दाराखालचा पत्रा वाकून बघावा, गंज तिथूनच सुरू होतो. इंजिनाची चिंता कमी. एमजीबीच्या बाजूने मात्र एक हिशेब आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला रस्ता कर माफ होतो आणि बहुतेकांना वार्षिक तपासणीचीही सक्ती राहत नाही. बर्मिंगहॅमच्या मध्यभागी धुरासाठी जे दिवसाला आठ पाउंड शुल्क लागतं, तेही अशा जुन्या गाडीला माफ. १९९० च्या माझदाला ते भरावं लागतं. तपासणीची सक्ती नाही म्हणून तपासणी करायचीच नाही, असं मात्र करू नये. ब्रेक आणि स्टिअरिंग वर्षातून एकदा जाणत्याला दाखवलेलेच बरे, आपल्यासाठी नाही तरी रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या लेकरांसाठी.

पुतण्या आधी एमजीबी बघायला गेला आणि तिथून त्याने अब्बांना व्हिडिओ कॉल लावला. भाऊंनी त्याला फ्रिजवरचा एक चुंबक रुमालात गुंडाळून न्यायला सांगितलं होतं. "दाराखाली लाव." लावला. चुंबक खाली पडला. रंगाखाली पत्रा नव्हताच, कुणीतरी पुट्टी भरून वरून रंग मारला होता. विकणारा म्हणाला, गाडी अगदी मूळची आहे. भाऊ म्हणाले, "सलाम कर आणि नीघ."

पुढच्या आठवड्यात दुसरी एमजीबी. चुंबक सगळीकडे चिकटला. आधीच्या मालकाने वीस वर्षांपूर्वी हेरिटेजची नवी बॉडी बसवलेली, पावत्यांची फाइल जपून ठेवलेली. पुतण्याने बोनेट उघडून फोन आत धरला. भाऊ बघत राहिले. मग एकेक सांगू लागले. डाव्या बाजूला कार्ब्युरेटर, आमच्या गाडीला एक होता, इथे दोन आहेत. उजवीकडे डिस्ट्रिब्युटर, तो बघ. गाडी सुरू करायला लावली आणि डोळे मिटून आवाज ऐकला. पोराने घाबरून विचारलं, "अब्बा, टॅपेट वाजतायत ना?"

"थोडे ढिले आहेत. ढिले बरे. घट्ट असते तर व्हॉल्व्ह जळाला असता. पंधरा थाऊचं फिलर गेज लागेल. ते मी घेऊन येतो."

असा आमचा सल्ला बाजूला पडला. आम्ही अजूनही म्हणतो की माझदा घ्यायला हवी होती, आणि दर वेळी भाऊ फोनवर दुसराच विषय काढतात. जुलैमध्ये भाऊ-भाभी बर्मिंगहॅमला निघाले आहेत. परवा गेलो तर बैठकीत बॅग उघडी पडलेली होती. जपानी गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात आणि ते तिकडे कुठेही मिळतील. भाऊंनी काढून ठेवले होते ते इंची पाने, हँडल झिजलेले, जुन्या लुंगीत बांधलेले. विमानात हातातल्या बॅगेत चालत नाहीत, म्हणून मोठ्या बॅगेत. वजनकाट्यावर बॅग दोन किलो जास्त भरली. भाभींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि लोणच्याची बरणी बाहेर काढली.